गॅस फिटरचा परवाना कुणाच्या नावावर?

सोसायटीच्या फलकावर पाइप गॅसची चिठ्ठी लागते आणि काही दिवसांत इमारतीच्या मागच्या भिंतीवर दोर सुटतात. सातव्या मजल्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कमरेला हार्नेस बांधलेला एक तरुण लोंबकळत असतो. एका हातात पान्हा, दुसऱ्या हातात अर्ध्या इंचाचा पिवळा पाइप. आतून गृहिणी चहा विचारते. तो हसून नको म्हणतो. कप धरायला तिसरा हात नसतो. संध्याकाळी तो उतरून जातो आणि नंतरची कित्येक वर्षे त्या घरातली पोळी त्याने आवळलेल्या जोडाच्या भरवशावर भाजली जाते. त्याचे नाव मात्र घरात कुणाला ठाऊक नसते.

मुंबईला नळाचा गॅस तसा नवा नाही. 1865 मध्ये शहरातले रस्ते गॅसच्या दिव्यांनी उजळले आणि कोळशापासून गॅस बनवणाऱ्या कारखान्याची आठवण लालबागच्या गॅस कंपनी लेनने अजून नावात जपली आहे. आजचा नैसर्गिक वायू घरोघर पोचवायला 1995 मध्ये महानगर गॅस स्थापन झाली. पुण्यात 2006 पासून महाराष्ट्र नॅचरल गॅस आली. आता रायगड, नाशिक, धुळे, सिंधुदुर्ग अशा जिल्ह्यांतही पिवळे पाइप भिंती चढू लागले आहेत. देशभरात असे तीनशेहून अधिक विभाग कंपन्यांना वाटून दिलेले आहेत. परवाने घेताना या सगळ्या कंपन्यांनी मिळून 12 कोटींहून जास्त घरगुती जोडण्या देण्याचे कबूल केले. 2025 पर्यंत झालेल्या जोडण्या दीड कोटीच्या आसपास आहेत. दहावी-बारावीनंतर हाताचे काम शोधणाऱ्या मुलाने हे दोन आकडे शेजारी मांडून पाहावेत. मधली सगळी घरे कुणीतरी पाइप वळवून, आटे पाडून, जोड आवळूनच जोडायची आहेत.

काम दिसते तेवढे सोपे नाही. रस्त्याखालून गॅस येतो तो प्लास्टिकच्या, म्हणजे पॉलिएथिलीनच्या पाइपातून, साधारण 4 बार दाबाने. इमारतीशी बसवलेला रेग्युलेटर तो दाब उतरवतो, मीटरपाशी तो आणखी उतरतो आणि शेगडीपाशी उरतो फक्त 21 मिलिबार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम पन्नासाव्या भागाइतका. ही उतरंड नीट सांभाळणे हेच फिटरचे काम. जमिनीखालचे प्लास्टिकचे जोड आट्यांनी होत नाहीत. पाइपाची टोके खरवडायची, पुसायची, शिकंज्यात धरायची, आत तार असलेल्या कपलिंगला ठरलेले सेकंद वीज द्यायची आणि मग हात न लावता गार होऊ द्यायचे. घाईत शिकंजा लवकर सोडला तर जोड वरून अगदी धडधाकट दिसतो आणि आतून कच्चा राहतो. त्यावर माती पडली की तो कुणाच्याच नजरेला पडत नाही.

भिंतीवरच्या लोखंडी पाइपांचे शास्त्र वेगळे. तिथे डाय फिरवून आटे पाडायचे, सीलंट लावून एल्बो आणि टी बसवायचे, मग पाइपात हवा भरून गेजचा काटा ढळतो का ते पाहायचे. काटा जागचा हलला नाही तरच पुढे गॅस सोडायचा, आणि सोडल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी फिरवायचे. बुडबुडा दिसला की जोड पुन्हा खोलायचा. काडी ओढून गळती शोधणारा उस्ताद जुन्या माणसांच्या गोष्टींत भेटतो. आज कुणी तसे करताना दिसला तर त्याला सरळ दाराबाहेर काढावे. हवेत नैसर्गिक वायूचे प्रमाण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असले की एक ठिणगी पुरते.

सिलिंडरच्या गॅसवर हात बसलेल्या माणसाला इथे काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे धावतो. म्हणून पाइप गॅसच्या घरात वरची जाळी बुजवायची नाही, हे घरातल्या माणसांना सांगणे कामाचाच भाग ठरते. शेगडीचे जेटही बदलावे लागते. तेवढ्याच आकारमानाच्या पाइप गॅसमध्ये सिलिंडरच्या गॅसच्या निम्म्याहून कमी उष्णता असते, त्यामुळे जेटचे भोक मोठे लागते. जुन्याच जेटवर शेगडी चालवली तर ज्योत मिणमिणते आणि कुकरची शिट्टी होता होत नाही. उलट मोठ्या जेटची शेगडी पुन्हा सिलिंडरला जोडली तर ज्योत उंच, पिवळी आणि काजळ धरणारी होते. पिवळी ज्योत म्हणजे अर्धवट जळण, आणि अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, रंग नसतो. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून माणसे दगावल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात, त्यामागचे कारण बहुधा हेच असते. जाणता फिटर अशा जागी गिझर बसवायला नकार देतो, मग गिऱ्हाईक कितीही चिडो.

या धंद्यात शिरायच्या वाटा दोन. एक आयटीआयची: फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, प्लंबर आणि वेल्डरचा एकेक वर्षाचा, पुढे शिकाऊ उमेदवारी. हायड्रोकार्बन सेक्टर स्किल कौन्सिलने शहरी गॅस वितरणातल्या पाइप फिटरसाठी वेगळे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रही आखले आहे. दुसरी वाट जास्त वहिवाटीची. गावातला कुणी ओळखीचा ठेकेदाराकडे असतो, त्याच्या हाताखाली मुलगा हेल्पर म्हणून लागतो, पाइप वाहतो, दोर धरतो आणि बघत बघत शिकतो. हात चांगला असेल तर तो फिटर होतो, पुढे प्लास्टिकचे पाइप जोडणारे फ्यूजनचे यंत्र हाती येते, मग सुपरवायझर. नकाशा वाचता येणारा आणि वेल्डिंगची जुळवणी जमणारा पाइप फिटर कारखान्यांत किंवा आखातातही जाऊ शकतो. त्यासाठीच्या ट्रेड टेस्ट मुंबईत होतात.

घोडे पेंड खाते ते पैशाच्या हिशेबापाशी. गॅस कंपन्या पाइप टाकण्याचे काम बहुधा ठेकेदारांना देतात आणि पुष्कळ ठिकाणी फिटरला पैसे मिळतात ते जोडणीमागे किंवा मीटरमागे. पावसाळ्यात महापालिका रस्ते खोदू देत नाही, की काम थंडावते. सोसायटीत दोन गटांचे भांडण झाले तरी थंडावते. तासाला मोबदला मिळणारा माणूस गार होणाऱ्या जोडापाशी निवांत थांबू शकतो. नगावर काम करणाऱ्याचे लक्ष पुढच्या घराकडे असते. सुरक्षेचे नियम पाळायला लागणारा वेळ त्याच्याच खिशातून जातो, ही या मोबदल्याच्या रीतीतली खोट आहे.

एका बिघडलेल्या जोडाची किंमत काय असते हे ब्रिटनने 16 मे 1968 रोजी पाहिले. पूर्व लंडनमधली रोनन पॉइंट ही 22 मजली इमारत वापरात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. अठराव्या मजल्यावरच्या एका बाईने पहाटे चहासाठी काडी ओढली आणि स्फोटाने इमारतीचा एक अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसे मेली, सतरा जखमी झाली. चौकशीत इमारतीच्या रचनेतले दोष उघडे पडले, पण गॅस सुटला होता तो शेगडीला पाइप जोडणारा पितळेचा हलका नट तुटल्यामुळे. त्यानंतर 1970 मध्ये तिथे गॅस बसवणाऱ्यांची नोंदणी सुरू झाली, 1991 मध्ये ती सक्तीची झाली आणि 1 एप्रिल 2009 पासून गॅस सेफ रजिस्टर आले. आज तिथला फिटर स्वतःच्या नावाचे, फोटोचे आणि क्रमांकाचे कार्ड बाळगतो. कोणकोणती कामे करायला तो पात्र आहे ते कार्डाच्या मागे लिहिलेले असते. नोंदणी नसताना गॅसला हात लावणे हा गुन्हा आहे.

महानगर गॅसच्या स्थापनेत ब्रिटिश गॅस भागीदार होती. भांडवल आले, तंत्र आले. फिटरच्या खिशातले कार्ड मात्र आले नाही. आपल्याकडे वायरमनला राज्याचा परवाना लागतो, प्लंबरला महापालिका परवाना देते. गॅस फिटरची ओळख कंपनीच्या किंवा ठेकेदाराच्या ओळखपत्रावर भागते. ठेका संपला की ओळखपत्र जमा, आणि शेकडो जोडण्या केलेला माणूस नव्या ठेकेदाराच्या दारात पुन्हा हेल्परच्या रांगेत उभा. दुसरीकडे नाक्यावरचा कुणीही पान्हा घेऊन ‘गॅसचे काम करतो’ म्हणू शकतो. यात चांगल्या कारागिराचेही नुकसान आणि घरमालकाचेही.

पुढच्या काळात हा प्रश्न टळणार नाही, वाढेल. पाइपातल्या गॅसमध्ये शेण आणि कचऱ्यापासून बनलेला बायोगॅस मिसळण्याचे प्रमाण सरकारने 2025-26 साठी 1 टक्का ठरवले असून 2028-29 पासून ते 5 टक्के व्हायचे आहे. सुरतजवळ कावास इथे जानेवारी 2023 पासून घरगुती गॅसमध्ये हायड्रोजन मिसळून पाहिला जात आहे. काही स्वयंपाकघरे इंडक्शनकडेही वळतील. म्हणजे नव्या जोडण्यांचा हंगाम कधीतरी ओसरेल आणि मग जुन्या पाइपांची तपासणी, रबरी नळी बदलणे, रेग्युलेटरची देखभाल याच कामावर हा धंदा चालेल. तपासणीचे काम अंगमेहनतीपेक्षा विश्वासावर मिळते, आणि विश्वासाला नोंद लागते.

राज्य सरकारने वायरमनसारखाच गॅस फिटरलाही परीक्षा घेऊन त्याच्या स्वतःच्या नावाचा परवाना द्यावा, आणि कंपन्यांनी परवानाधारकाशिवाय कुणाला जोडाला हात लावू देऊ नये. तोवर वाचकांनी एवढे करावे: घरी येणाऱ्या फिटरचे ओळखपत्र बघावे, त्याचे नाव कामाच्या पावतीवर लिहून घ्यावे आणि साबणाच्या पाण्याची चाचणी आपल्या डोळ्यांसमोर झाल्याशिवाय सही करू नये.