निदान हाही हक्कच

स्वादुपिंडाची गाठ म्हणजे मृत्यूचा हुकूम, ही समजूत सर्वस्वी खरी नव्हे. प्रामुख्याने तरुण स्त्रियांना होणाऱ्या एका दुर्मिळ गाठीत ‘सीटीएनएनबी१’ या जनुकात उत्परिवर्तन असते. त्यामुळे पेशीकेंद्रात साचलेले बीटा-कॅटेनिन हे प्रथिन तपासणीत दिसते. ही गाठ शस्त्रक्रियेने समूळ काढल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. परंतु विज्ञानाचे हे अभय सिहोऱ्याच्या शिवारात धान रोवणाऱ्या मजूर स्त्रीपर्यंत कोणी पोहोचवावयाचे? मुंबईचे टाटा रुग्णालय १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. सार्वजनिक पैशातून श्रेष्ठ विज्ञान उभे राहते, याचा तो पुरावा. रुग्णाने मजुरी बुडवून मुंबई गाठण्याआधी गाठीचा नमुना सरकारी खर्चाने तेथे गेला पाहिजे. निदान ही दया नव्हे. तो हक्क कार्यकर्त्यांनी जिल्हा रुग्णालयाच्या दारी मागितला पाहिजे.