थांबवून ठेवण्यापेक्षा ‘नाही’ बरे!

मिरचीच्या हंगामात दोंडाईचा आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना. ओली लाल मिरची बाजारात येते, व्यापारी ती घेतात आणि मोकळ्या जागेवर वाळत घालतात. या जागेला आमच्या खानदेशात पथारी म्हणतात. मिरची तिथे वाळते, निवडली जाते आणि बारदानात भरून पुढे जाते. पथारी म्हणजे कोठार नव्हे, ती थांबण्याची जागा. म्हणून जाणता व्यापारी पथारी किती मोठी आहे यापेक्षा रोज माल किती उचलला जातो ते पाहून खरेदी करतो. माल अडकला आणि वर अवकाळी पाऊस आला, तर जितकी पथारी मोठी तितके नुकसान मोठे.

हा साधा हिशेब संगणकाच्या जगाला उमगायला बरीच वर्षे लागली.

आपण मोबाइलवरून पैसे पाठवतो, परगावच्या मुलाशी बोलतो, तेव्हा त्या मजकुराचे लहान तुकडे होऊन ते तारांतून धावतात. त्यांना पॅकेट म्हणतात. वाटेतल्या प्रत्येक यंत्रात त्यांना क्षणभर टेकायला जागा लागते. तिचे नाव बफर. सेकंदाला 10 गिगाबिट वाहून नेणाऱ्या तारेवर सर्वांत लहान पॅकेट लागोपाठ आली, तर सेकंदाला सुमारे 1 कोटी 48 लाख येतात. एका सेकंदाचे एक अब्ज भाग केले, तर त्यांतले जेमतेम 67 एका पॅकेटच्या वाट्याला येतात!

एवढ्यात नवी जागा मागायला सवड कुठली? म्हणून प्रोग्राम लिहिणारे एकाच मापाचे कप्पे आधीच आखून ठेवतात. पॅकेट रिकाम्या कप्प्यात पडते. पुढे मजकूर हलवत नाहीत, फक्त कप्प्याचा पत्ता हातोहात जातो आणि काम झाले की कप्पा पुन्हा ढिगात. बँकेतली पितळी टोकने ज्यांनी हाताळली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. गिऱ्हाईक दारात आल्यावर कोणी टोकन घडवायला बसत नसे. आणि दर तासाला चार टोकने परत यायची राहिली, तर खिडकीत रोखपाल असूनही काम ठप्प व्हायचे.

पण कप्पेच संपले तर? सरळ उत्तर असे की, आणखी कप्पे करा. स्मृती स्वस्त झाली आहे. हेच उत्तर फसवे आहे. जॉन नेगल या संगणकतज्ज्ञाने 1985 मध्येच दाखवून दिले होते की, साठवणीची जागा अमर्याद असली तरी गर्दी उपसण्याच्या वेगापेक्षा वाढली की प्रत्येक पॅकेट मुदत संपल्यावरच पोचेल. पुढच्याच वर्षी, 1986 मध्ये, अमेरिकेत बर्कलेच्या दोन ठिकाणांमध्ये, अवघ्या 400 यार्डांवर, सेकंदाला 32 हजार बिटांचा वेग 40 बिटांवर घसरला. उत्तर आले नाही म्हणून अधीर यंत्रे तेच ते पुन्हा पाठवत राहिली होती. व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये उपाय मांडला : पॅकेट गळले, की पाठवणाऱ्याने हात आखडता घ्यावा. म्हणजे गळलेले पॅकेट हा नुसता तोटा नव्हे, तो निरोपही आहे. बफर अवाढव्य केले की हा निरोप पोचतच नाही आणि रांग मुकाट्याने लांबत राहते. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि याच जेकबसन यांनी सुचवले की, रांग किती लांब आहे हे मोजू नका. आत शिरलेला किती वेळ थांबला ते मोजा.

आता आपल्या दाराशी येऊ. 12 एप्रिल 2025 रोजी देशभर यूपीआयचे व्यवहार कित्येक तास अडखळले. झालेल्या व्यवहाराचे काय झाले, अशी तीच ती चौकशी यंत्रणेवर येऊन आदळत होती, हे त्यामागचे कारण पुढे आले. पॅकेट काय, चौकशी काय, जात एकच. त्यानंतर 1 ऑगस्ट 2025 पासून एका अ‍ॅपवर दिवसात 50 वेळाच शिल्लक पाहता येईल, अशी मर्यादा आली. अनेकांना हा जाच वाटला. मला ही मर्यादा रास्त वाटते. दार नसलेल्या घरात गर्दी होते, पाहुणचार होत नाही.

मात्र एक अट आहे. नकार द्यायचा तर तो तत्काळ आणि स्पष्ट हवा. दिवसभर मिरची निवडून संध्याकाळी किराणा घ्यायला आलेल्या बाईच्या खात्यातून पैसे वजा होतात, दुकानदाराला पोचत नाहीत आणि पडद्यावर ‘प्रलंबित’ एवढाच शब्द येतो. तिने दुसऱ्यांदा पैसे द्यावेत, की पिशवी ठेवून जावे? ‘व्यवहार झाला नाही, पैसे खात्यातच आहेत’ असे तिला लगेच कळले, तर ती रोख देईल किंवा उधारी सांगेल. तिचा मार्ग बंद होतो तो नकाराने नव्हे, अनिश्चिततेने.

कर्जाच्या अर्जांचेही हेच असते. पीककर्ज नाकारल्याचे मे महिन्यात कळले, तर शेतकरी दुसरी सोय पाहतो. तोच अर्ज ‘विचाराधीन’ राहून ऑगस्टमध्ये मंजूर झाला, तर पेरणीची वेळ केव्हाच टळलेली असते. तेव्हा कोणत्याही यंत्रणेची क्षमता ती किती अर्ज पोटात घेते यावर जोखू नये. आत गेलेला माणूस किती वेळात, कोणते उत्तर घेऊन बाहेर येतो, ते विचारावे. हा प्रश्न विचारण्याचा हक्क खातेदाराचा आहे आणि त्यासाठी संगणक यावा लागत नाही.