सरहद्द आणि उत्तरदायित्व : मोर्शीच्या संत्र्यावरून

खुल्या समाजाला राष्ट्रीय सीमांची गरज नाही, किंबहुना जेथे सीमा आहे तेथे समाज तेवढ्यापुरता बंदच असतो, असा एक पक्ष सुशिक्षितांत वजनाने मांडला जातो. 'खुला समाज' ही संज्ञा कार्ल पॉपर यांच्या १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे रूढ झाली. ज्या समाजात सत्तेच्या निर्णयांची उघड चिकित्सा करता येते आणि राज्यकर्त्यांना रक्तपाताविना पायउतार करता येते तो खुला समाज, असा तिचा थोडक्यात आशय. ही चिकित्सा कोणी कोणाची करायची, हे मात्र सीमा ठरल्याशिवाय ठरत नाही. सीमा नकोच म्हणणाऱ्यांनी आणि ती जितकी घट्ट तितका समाज सुरक्षित मानणाऱ्यांनीही अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी-वरुडच्या संत्र्याची ढाक्यापर्यंतची वाट एकदा तपासावी, कारण दोघांचेही प्रमेय त्या वाटेवर अडखळते.

पहिल्या पक्षाला मोर्शीच्या इतिहासात अनुकूल पुरावा सापडतो, हे आधी मान्य केले पाहिजे. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदी निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्यामधील सरहद्द ठरली आणि मोर्शीचा मुलूख सीमेवरचा झाला; पुढे १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला, आणि ती नदी आज अमरावती व वर्धा या दोन जिल्ह्यांची केवळ शीव उरली आहे. सिंभोऱ्याच्या धरणात तिचे पाणी अडते तेव्हा कोणाला तह आठवत नाही. महाशिवरात्रीला सालबर्डीच्या यात्रेला निघालेल्या भाविकालाही आपण मध्य प्रदेशात केव्हा शिरलो हे कळत नाही. तथापि या उदाहरणांतून सीमा निरर्थक असल्याचे सिद्ध होत नाही. सालबर्डीची शीव मोकळी आहे, कारण तिच्या दोन्ही अंगांना एकच राज्यघटना आणि एकच सर्वोच्च न्यायालय आहे, आणि त्या घटनेचे कलम ३०१ देशांतर्गत व्यापाराच्या मोकळिकीची हमी देते. म्हणजे आतली रेघ पुसट झाली ती बाहेरच्या ठळक रेघेच्या आधारावर.

संत्र्याची गोष्ट याच्या उलट आहे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, फळ सोलायला सोपे आणि टिकायला नाजूक. आंबिया बहाराचा माल तोडून कॅरेटमध्ये भरला, की तो दिवस मोजू लागतो, आणि बांगलादेशाच्या सीमेवरील पेट्रापोल-बेनापोलच्या नाक्यावर ट्रकची रांग वाढली की पहिला तोटा सालीखाली सुरू होतो. या मालाचे मोठे परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशाने आयात शुल्क, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर नाक्यावर वसूल होणारा कर, २०१९ मध्ये किलोमागे सुमारे २० रुपये होते ते वाढवत २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर नेला, आणि बागेतला भाव कोसळला. बागाईतदाराचा मोर्चा तहसीलवर जाऊ शकतो, अमरावतीच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर जाऊ शकतो, मुंबई-दिल्लीलाही जाऊ शकतो. ढाक्याला तो जाऊ शकत नाही. २०२३ च्या हंगामात राज्य शासनाने या शुल्काचा निम्मा भार उचलण्याचे जाहीर केले, ते या बागाईतदारांचे मत राज्यात मोजले जाते म्हणून. सीमा काढून टाकली तर शुल्क लावणारी सत्ता नाहीशी होईल असे गृहीत धरणे भाबडेपणाचे आहे. सत्ता राहीलच, नाहीसे होईल ते जिच्यावर थाप मारायची ते दार.

दुसरा पक्ष, म्हणजे बंदीवाद्यांचा, वऱ्हाडला अनुभवाने ठाऊक आहे. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली, म्हणजे कापूस शासकीय यंत्रणेलाच विकण्याचे बंधन आले, आणि त्याबरोबर प्रांतबंदी, म्हणजे कापूस राज्याबाहेर नेण्याची मनाईही आली. हेतू शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या कचाट्यातून सोडवण्याचा होता. पण शेजारच्या मध्य प्रदेशात भाव चढा असला, की स्वतःच्या शेतातला कापूस रात्री बैलगाडीत घालून नेणारा शेतकरी कायद्याने गुन्हेगार ठरू लागला. जी शीव यात्रेला दिसत नव्हती ती कापसाला दिसू लागली. देशाच्या पातळीवर हाच प्रकार कांद्याचा. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ अशी तीनदा भारताने निर्यातबंदी केली, आणि प्रत्येक वेळी बांगलादेशातल्या स्वयंपाकघराला तिचा चटका बसला. तिथल्या गृहिणीला दिल्लीत मत नाही, जसे मोर्शीच्या बागाईतदाराला ढाक्यात नाही. संत्र्यावरचे शुल्क हे कांद्याचे उट्टे आहे, असे शेतकऱ्यांच्या बैठकांत बोलले जाते. परकीय चलन वाचवण्यासाठी २०२२ मध्ये बांगलादेशाने फळांसह अनेक वस्तूंवर जादा शुल्क लावले होते, त्यामुळे सगळा दोष कांद्याच्या माथी मारता येत नाही; मात्र आपण केली ती अन्नसुरक्षा आणि शेजाऱ्याने केली ती अडवणूक, असा न्याय लावणाऱ्याला तक्रारीचा नैतिक अधिकार फारसा उरत नाही.

मग मंडन काय करायचे? सीमा म्हणजे उत्तरदायित्वाची मर्यादा : अमुक निर्णयाचा जाब कोण देईल, कर कोण भरील आणि मत कोणाचे मोजले जाईल, हे ठरवणारी रेघ. बाहेरून येणाऱ्या कलमांची, रोपांची आणि फळांची रोग-किडीसाठी तपासणी करणे हेही तिचे रास्त काम आहे, आणि लिंबूवर्गीय झाडांवरचे रोग पाहिलेला कोणताही बागाईतदार त्याला हरकत घेणार नाही. माणसांच्या बाबतीत तिच्यावर अधिक कडक अट हवी. आत येणाऱ्याला कारण विचारणे आणि बाहेर जाणाऱ्याला अडवणे यांत मूलभूत फरक आहे, आणि १९६१ ची बर्लिनची भिंत दुसऱ्या प्रकारची होती. स्वतः पॉपर १९३७ मध्ये व्हिएन्ना सोडून न्यूझीलंडला गेले आणि आपला ग्रंथ त्यांनी तेथेच लिहिला. त्यांना बाहेर पडता आले आणि दुसऱ्या देशाने आत घेतले, या दोन्ही गोष्टी त्या ग्रंथाच्या जन्माला कारण झाल्या.

या मांडणीत एक खरी अडचण राहतेच, आणि ती लपवण्यात अर्थ नाही : सीमेच्या आत उत्तर देणारी सत्ता बाहेरच्याला काहीच देणे लागत नाही, मग त्याला झळ बसली तरी. यावर उपाय सीमा मोडण्याचा नाही. आपापल्या लोकांना उत्तर देणाऱ्या दोन राज्यांनी एकमेकांशी आधी बोलून ठरवलेल्या कराराचा आहे. शुल्क वाढवायचे तर ते हंगामापूर्वी जाहीर व्हावे, निर्यात थांबवायची तर वाटेतला माल सोडून थांबवावी, एवढी माफक अट दोन्ही बाजूंना पाळता येण्याजोगी आहे. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधलेले संत्र्याचे कलम बागेत लावल्यापासून फळ धरायला पाचेक वर्षे घेते. किलोला वीस रुपये शुल्क असताना, २०१९ च्या पावसाळ्यात, ज्यांनी कलमे लावली त्यांच्या झाडांना पहिला बहार येण्याआधीच ते चौपटीच्या वर गेले होते.