एक शिवार, दोन नोंदी

जाफराबाद तालुक्याची शीव ओलांडली की जालना जिल्हा मागे राहतो आणि बुलढाणा जिल्हा, म्हणजेच विदर्भ, सुरू होतो. ही शीव ओलांडताना जमिनीचा पोत बदलत नाही, पाऊसमान बदलत नाही. कपाशी, सोयाबीन, मका ही पिकेही तीच राहतात. देऊळगाव राजा आणि चिखलीकडील घराण्यांशी इकडील गावांच्या सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत. बदलतो तो केवळ दाखल्यावरील जातीचा रकाना. पलीकडे आजोबांच्या नावापुढे ‘कुणबी’ हा शब्द आढळतो, अलीकडे ‘मराठा’. परिणाम असा की, पलीकडे राहिलेल्या भावाचा मुलगा इतर मागासवर्गीय ठरतो आणि लग्न होऊन अलीकडे आलेल्या त्याच्या बहिणीचा मुलगा खुल्या प्रवर्गात गणला जातो. दोघांची शेते कोरडवाहू आणि दोघांच्या घरचे कर्जही बहुधा सारखेच असते.

१ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातीलच अंतरवाली सराटी येथे उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि मनोज जरांगे पाटील यांच्या आंदोलनाकडे सर्व राज्याचे लक्ष वेधले गेले. जून २०२४ मध्ये तेथून जवळच असलेल्या वडीगोद्री येथे लक्ष्मण हाके यांनी इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या रक्षणासाठी उपोषण केले. एकाच तालुक्यात परस्परविरोधी मागण्यांची दोन उपोषणे व्हावीत, यातच प्रश्नाची गुंतागुंत स्पष्ट होते. ‘आम्ही कुणबी आहोत काय?’ हा प्रश्न इतिहासाचा आहे. ‘आम्ही मागासलेले आहोत काय?’ हा प्रश्न अर्थशास्त्राचा आणि समाजशास्त्राचा आहे. गेल्या काही वर्षांत या दोहोंची सरमिसळ झाली असून पहिल्याचे उत्तर सापडले की दुसऱ्याचे आपोआप मिळते, असे गृहीत धरले जात आहे. त्या गृहीताची तपासणी व्हावयास हवी आणि त्यासाठी जाफराबादच्या शिवेइतकी सोयीची जागा दुसरी क्वचितच असेल.

प्रथम इतिहास. आज विदर्भात असलेला बुलढाण्याचा मुलूखही एके काळी निजामाच्याच अमलाखाली होता. फौजेच्या खर्चाची थकबाकी फेडता न आल्याने निजामाने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हवाली केला. तेव्हापासून एका शिवाराचे दोन कारभार झाले. वऱ्हाडात इंग्रजी पद्धतीची जमाबंदी आणि दप्तर आले आणि तेथील सर्वांत मोठी शेतकरी जात म्हणून कुणब्यांची नोंद होत राहिली. इकडे निजामाच्या संस्थानात १८८१ पासून जनगणना होत असे व तिच्यातही कुणबी हा शब्द होता. परंतु महसुली आणि शाळेच्या कागदपत्रांत तो क्वचितच उतरला. संस्थानाचा कारभार उर्दूत, उच्च शिक्षणही उर्दूत आणि खेड्यात शाळाच नाही, अशी स्थिती असताना ज्या दाखल्यावर जात लिहावयाची तो दाखलाच कित्येकांना कधी मिळाला नाही. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला राज्यभर पन्नास लाखांहून अधिक कुणबी नोंदी आढळल्या, परंतु त्यांतील मराठवाड्याचा वाटा अगदीच अल्प निघाला. त्याचे कारण वंशात शोधण्यापेक्षा दप्तरात शोधणे अधिक शहाणपणाचे होईल.

दुसरे कारण प्रतिष्ठेचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुणबी म्हणवून घेण्यापेक्षा मराठा म्हणवून घेण्यात मान होता. १९३१ च्या जनगणनेच्या आधारे मराठा-कुणबी समूह महाराष्ट्राच्या लोकसंख्येत सुमारे ३१ टक्के धरला जातो, तो दोघांना मिळून. कारण दोहोंमधील रेषा गणना करणाऱ्यांनाही नीट आखता येत नव्हती. पुढे डॉ. पंजाबराव देशमुखांनी विदर्भातील शेतकऱ्यांना कुणबी अशी नोंद करण्याचा सल्ला दिला, असे मानले जाते. मराठवाड्याला त्या काळात असा दूरदर्शी सल्लागार लाभला नाही. लाभला असता तरी देशमुखी-पाटीलकीच्या अभिमानाने तो मानला असता की नाही, याची शंकाच आहे. १३ ऑक्टोबर १९६७ रोजी राज्याची इतर मागासवर्गीयांची यादी निघाली आणि कुणबी तीत समाविष्ट झाले. १ जून २००४ च्या निर्णयाने ‘मराठा-कुणबी’ व ‘कुणबी-मराठा’ या नोंदींनाही तो लाभ मिळाला. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटचा आधार मान्य करून गावपातळीवर समित्या नेमल्या. शिवेच्या अलीकडील एखाद्या कुटुंबाचे कुणबीपण पुराव्याने सिद्ध होत असेल, तर ते नाकारणे अन्यायाचे आहे, याविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात संदेह नाही.

आता अर्थशास्त्राकडे वळू. न्यायमूर्ती गायकवाड आयोगाने २०१८ च्या अहवालात मराठा समाजाचे जे चित्र रेखाटले, त्यात ७६.८६ टक्के कुटुंबे शेती व शेतमजुरीवर अवलंबून, ६२.७८ टक्के अल्प व अत्यल्प भूधारक आणि ३७.२८ टक्के दारिद्र्यरेषेखाली होती. हे आकडे वाचून कोणीही अस्वस्थ होईल. परंतु ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्याच अहवालातील दुसऱ्या आकड्यांवर बोट ठेवले. शासकीय सेवेत खुल्या प्रवर्गातून भरलेल्या जागांपैकी ‘अ’ वर्गात ३३.२३ टक्के, ‘ब’ वर्गात २९.०३ टक्के, ‘क’ वर्गात ३७.०६ टक्के आणि ‘ड’ वर्गात ३६.५३ टक्के जागांवर मराठा कर्मचारी होते. न्यायालयाने प्रतिनिधित्व पुरेसे असल्याचा निष्कर्ष काढला आणि कायदा रद्द झाला.

दोन्ही आकडे एकाच अहवालातील. मग खरे कोणते? दोन्हीही. ‘मराठा’ या एका शब्दाखाली कृष्णा-प्रवरेच्या काठचा साखर कारखान्याचा संचालक येतो आणि पाऊस संपताच कोयता घेऊन त्याच कारखान्याच्या उसाच्या फडात जाणारा मराठवाड्याचा माणूसही येतो. एकाच्या मुलाने ‘अ’ वर्गाची जागा मिळविली असेल, दुसऱ्याचा मुलगा बापाबरोबर बैलगाडीवर बसून फडात गेल्याने शाळेला मुकला असेल. दोघांची सरासरी काढली तर जे उत्तर येते ते दोघांपैकी एकालाही लागू पडत नाही. सांख्यिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आम्ही हेच शिकवितो की, विचलन मोठे असेल तेथे सरासरीवर विसंबू नये. आयोग, न्यायालय आणि आंदोलक हे तिघेही मात्र सरासरीवरच भांडत राहिले.

नाव आणि स्थिती यांमधील हे अंतर आपल्यापुरतेच नाही. अमेरिकेच्या जनगणनेत युरोपातून आलेले सारे लोक ‘गोरे’ या एकाच सदरात मोडतात. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मुलखातून तेथे गेलेले सर्ब लोक याच सदरात होते. परंतु पिट्सबर्गच्या पोलाद भट्ट्यांत आणि मोंटानाच्या तांब्याच्या खाणींत राबणाऱ्या त्या मजुरांचे आणि बोस्टनच्या जुन्या गोऱ्या घराण्यांचे जीवन यांत साम्य ते काय होते? १९२४ च्या कायद्याने तर दक्षिण व पूर्व युरोपीयांच्या प्रवेशावर कडक मर्यादा घातल्या. गोऱ्यांतील असे पोटसमूह कळावेत म्हणून तेथील जनगणनेत पूर्वजांच्या देशाविषयीचा प्रश्न १९८० मध्ये प्रथम विचारला गेला. तोवर पोलाद कामगारांच्या संघटना, नियमित वेतन आणि सार्वजनिक शाळा यांनी आपले काम केलेले होते. आज सर्ब वंशाच्या अमेरिकनांचे सरासरी उत्पन्न इतर गोऱ्यांहून कमी नाही. त्यांना आपले सदर बदलून घ्यावे लागले नाही. त्यांच्याच शेजारी, त्याच भट्टीवर काम करणाऱ्या कृष्णवर्णीयाला मात्र तेच वेतन, तीच बढती, तीच वस्ती आणि तेच घरकर्ज मिळाले नाही, कारण त्याच्यापुढील दार त्याच्या वर्णाने बंद केलेले होते. गरीब सर्बाचे दारिद्र्य मजुरीच्या दराचे होते, कृष्णवर्णीयाचे दारिद्र्य बहिष्काराचेही होते. या दोन दारिद्र्यांची औषधे भिन्न आहेत. आपल्याकडे अस्पृश्यतेच्या झळा सोसलेल्या समाजांसाठी आरक्षण आले ते दुसऱ्या प्रकारच्या रोगावर. मराठा शेतकऱ्याचे आजचे हाल बव्हंशी पहिल्या प्रकारात मोडतात.

याचा पुरावा शिवेपलीकडेच आहे. बुलढाण्याच्या कुणबी शेतकऱ्याला १९६७ पासून इतर मागासवर्गीयाचा दर्जा आहे. तरीही शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम व वर्धा यांच्याबरोबर बुलढाणाही होता. प्रमाणपत्राने मुलाला महाविद्यालयात प्रवेश मिळाला असेल, शिष्यवृत्ती मिळाली असेल, एखाद्यास नोकरीही लागली असेल. आणि हे लाभ क्षुल्लक नाहीत. परंतु बापाच्या कपाशीला भाव मिळाला नाही आणि विहिरीला पाणी लागले नाही. २०१३ च्या केळकर समितीच्या अहवालानुसार विदर्भाचे दरडोई उत्पन्न उर्वरित महाराष्ट्राच्या तुलनेत सुमारे २७ टक्क्यांनी, तर मराठवाड्याचे ४० टक्क्यांनी कमी होते. १९८४ मध्ये प्रा. वि. म. दांडेकरांच्या समितीने सिंचन, रस्ते, शिक्षण इत्यादींतील अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा ठरविला, तेव्हा तिने जिल्हे मोजले होते, जाती नव्हे. तो अनुशेष वेळीच भरून निघाला असता तर अंतरवाली सराटीचा मंडप एवढा भरला असता काय?

राज्यातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ते १.३४ हेक्टरांवर आले. दोन पिढ्यांत वाटण्या होऊन शेत एक तृतीयांशाहूनही कमी उरले आणि त्या प्रमाणात ना पाणी वाढले ना कारखानदारी. जालन्याच्या बियाणे कंपन्यांसाठी शेडनेटमध्ये बीजोत्पादन करणारी काही कुटुंबे या भागात सावरली, हे खरे. पण ज्याच्याजवळ पाणी आहे तोच शेडनेट उभारू शकतो. १९८२ मध्ये अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत मोर्चा काढला, तेव्हा त्यांची मागणी आर्थिक निकषावर आरक्षणाची होती. ती मागे पडून वादाचा रोख हळूहळू जातीच्या नावाकडे वळला, कारण नाव सिद्ध करता येते. दारिद्र्याची वर्गवारी करणे अधिक कष्टाचे आणि राज्यकर्त्यांना अधिक अडचणीचे असते. वर्गवारी केली की आपलेच भाऊबंद कोणत्या बाजूला पडतात, हेही दिसू लागते.

इतर मागासवर्गीयांची भीती याच संदर्भात समजून घेतली पाहिजे. ज्या न्हावी, परीट, कुंभार कुटुंबाकडे गुंठाभरही जमीन नाही, त्याने संख्येने मोठ्या आणि गावाच्या राजकारणात प्रबळ असलेल्या शेतकरी जातीशी त्याच यादीत स्पर्धा करावयाची आहे. केंद्रीय यादीपुरता पाहिलेला न्यायमूर्ती रोहिणी आयोगाचा निष्कर्ष असा होता की, इतर मागासवर्गीयांपैकी चतुर्थांशाहूनही कमी जातींनी सुमारे ९७ टक्के लाभ मिळविले. म्हणजे ‘इतर मागासवर्ग’ हे नावही ‘मराठा’ या नावाइतकेच फसवे आहे. आणि ज्या जागांसाठी हे सारे चालले आहे त्या आहेत तरी किती? आमच्या महाविद्यालयांतूनच पाहा: पदे रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यांत प्रमाणपत्रधारक आणि बिनप्रमाणपत्रवाले दोघेही सारखेच ताटकळत आहेत.

२०२४ च्या जानेवारीअखेर मागासवर्ग आयोगाने अवघ्या दहा-अकरा दिवसांत राज्यात दीड कोटीहून अधिक कुटुंबांचे सर्वेक्षण करून घेतले. या पानाच्या वाचकांपैकी अनेक शिक्षक प्रश्नावली घेऊन दारोदार फिरले असतील. त्यांना स्मरत असेल की, सविस्तर प्रश्न मराठा आणि खुल्या प्रवर्गातील कुटुंबांसाठी होते. कुणबी कुटुंबाच्या दाराशी ते थांबत. म्हणजे शिवेच्या दोन बाजूंना राहणाऱ्या दोन भावंडांच्या घरांची तुलना करण्याची जी एक संधी आली होती ती तेथेच गेली. त्या सर्वेक्षणाच्या आधारे २० फेब्रुवारी २०२४ रोजी विधिमंडळाने १० टक्क्यांचा कायदा संमत केला आणि त्यालाही न्यायालयात आव्हान मिळाले.

केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जनगणनेत जातीची नोंद करण्याचा निर्णय घेतला. तिची संदर्भतिथी १ मार्च २०२७ अशी ठरविण्यात आली. तीत जाफराबादचा शेतकरी मराठा लिहिणार की कुणबी, याचीच चर्चा अधिक होते. त्याहून महत्त्वाचे हे आहे की, त्या रकान्याशेजारी घरातील सर्वाधिक शिकलेल्या व्यक्तीचे शिक्षण, बाहेरगावी मजुरीस जाण्याचे महिने, जमीन आणि पाणी यांच्या नोंदी जोडून तालुकावार तक्ते प्रसिद्ध व्हावेत. सातबारा आणि विहिरींची नोंद तलाठ्याच्या दप्तरात आजही आहे. जाफराबाद आणि देऊळगाव राजा या दोन तालुक्यांचे तक्ते शेजारी ठेवले, तर १९६७ पासूनच्या प्रमाणपत्राने नेमके काय दिले आणि काय दिले नाही, हे मोजून सांगता येईल.