दामोदरचा पडदा पडला तेव्हा आपण कुठं होतो?

परळचं दामोदर नाट्यगृह 2023 च्या नोव्हेंबरात पुनर्विकासासाठी बंद झालं. 1922 सालचं नाट्यगृह. मग वर्तमानपत्रांतून गळे काढणं सुरू झालं. मराठी रंगभूमीचा वारसा, गिरणगावचा ठेवा, चाकरमान्यांची नमनं, दशावतार, वगैरे वगैरे. सगळं खरं. नाटकवाले मंडळींनी आवाज उठवला, तेही बरं केलं. पण या सगळ्या रडारडीत मी एक वाक्य शोधत होतो आणि ते काही मला सापडलं नाही. 9 मार्च 1924 ला याच दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी सभा बोलावली. तिच्यातून त्याच वर्षीच्या जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. आणि त्या सभेची कचेरी याच दामोदर हॉलात. राहायला बी. आय. टी. चाळीतली खोली, कामाला दामोदर हॉल. महाड नंतर. काळाराम त्याच्याही नंतर.

प्रस्थापितांनी हे वाक्य लिहिलं नाही याचं मला काडीचं नवल वाटत नाही. त्यांच्या वारशात आपण नेहमी कचेरीच्या बाहेरच उभे असतो. प्रश्न आपल्याला आहे. चैत्यभूमीला आपण जातो, दीक्षाभूमीला जातो, महाडच्या तळ्यावर जातो. जायलाच पाहिजे. पण जिथं सतरंजी अंथरून, बाकडी लावून, रजिस्टर उघडून चळवळीचं रोजचं काम झालं ती जागा बिल्डरच्या नकाशात कुठं सरकवतात, हे बघायला आपल्यातले किती जण गेले? आधी तरी त्या हॉलात कितींनी पाय ठेवला होता? वीस रुपयाची भेळ घेऊन एखादा कामगार नाटकाचा प्रयोग बघायला?

दोस्तहो, मुद्दा दामोदरपुरता नाही. मुद्दा असा आहे की आपल्याला पुतळा कळतो, हॉल कळत नाही.

हॉल म्हंजे काय? चार भिंती, एक छप्पर, आणि ज्यांना एरवी एकत्र बसायला कुणी जागा देत नाही त्यांनी एकत्र बसणं. भीमराव कर्डकांचा जलसा निघाला तेव्हा त्याला हॉलही नव्हता. महारवाड्यातलं पटांगण, कंदिलाचा उजेड, अन् गण-गौळण मोडून त्या जागी आपल्या माणसाचं दुखणं. लोक रात्र रात्र बसायचे. पुढं छप्पर मिळालं. 1955 साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांचं ‘युगयात्रा’ बाबासाहेबांच्या समोर झालं, 1956 ला धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरात पुन्हा झालं. लाखोंच्या मेळाव्यात नाटक! आजच्या आपल्या कार्यक्रमपत्रिकेत नाटक कुठं असतं? नेत्यांची भाषणं संपली की रात्री साडेअकराला, माइकवाला वायरी गुंडाळायला लागला की. पोरं तालमी करून, उधारीवर ढोलकी आणून येतात आणि संयोजक सांगतो, वीस मिनिटांत आटपा. मानधनाचं विचारलं तर म्हणतो, समाजाचं काम आहे. मग मंडपवाल्याचं काम समाजाचं नाही का? त्याला बरे रोख पैसे मोजता.

आता टॉकीजकडे येऊ. कारण तिथलं गणित वेगळं आहे.

वस्तीतल्या हॉलात आपण आपल्यालाच बघतो. टॉकीजमध्ये आपल्याबरोबर तेही बसलेले असतात. आमची जुनी माणसं जत्रेतल्या तंबू सिनेमाचं सांगतात : गावात पाणवठा वेगळा, पण तंबूच्या दारावरचा माणूस पैसे बघायचा, आडनाव नाही विचारायचा. म्हणून काय तिथं समता नांदत होती असं नाही. खुर्ची कुणाला, बाकडं कुणाला आणि जमीन कुणाला, हे बघितलं की कळायचं. जात पैशाचे कपडे घालून आत आली होती. तरी पण अंधार झाला की पाटलाचं पोरगं आणि आपलं पोरगं एकाच पडद्याकडं मान वर करून बघत होतं. गावात दुसरीकडं कुठं असं घडत होतं सांगा.

‘फँड्री’ 14 फेब्रुवारी 2014 ला लागला. शेवटी जब्या दगड उचलतो आणि भिरकावतो. तो दगड पडद्यातून थेट हॉलवर येतो. तालुक्याच्या एका टॉकीजात मी तो बघितला. पडद्यावर डुक्कर धरायची पळापळ चालली होती तेव्हा पुढच्या रांगांतली काही पोरं फिदीफिदी हसत होती, अगदी पडद्यावरच्या गावकऱ्यांसारखी. मग दगड आला. हसू जिथल्या तिथं थांबलं. त्या पोरांच्या मनात पुढं काय झालं मला माहीत नाही, मी काही त्यांचा हृदयपालट झाला असं सांगणार नाही. पण दगड त्यांना लागला एवढं नक्की, कारण ते तिथं बसले होते. तोच पिक्चर तुम्ही खोलीत पालथं पडून मोबाईलवर बघता. दगड येतो, तुमच्या तळहातावर पडतो. तुमच्यावर? दगड तर तुमच्यासाठी नव्हताच!

‘सैराट’चंही तेच. 29 एप्रिल 2016. गाण्याला सगळी टॉकीज उठून नाचली. आपली नाचली, त्यांचीही नाचली. आणि शेवटी ते लहान पोर रक्ताची पावलं उमटवत निघालं तेव्हा नाचणाऱ्यांना खाली बसावं लागलं. जेऊरच्या पोरानं पिक्चर बनवला म्हणून आपण छाती फुगवली, ठीक. पण एवढ्या लोकांना त्या अंधारातून बाहेर पडताना दारात गाठून दोन शब्द बोलायला आपलं कोण उभं होतं? एवढी मोठी सभा चळवळीला फुकटात मिळाली होती. वक्ता बोलून गेला, श्रोते उठले, आणि आपण स्टेटस टाकत बसलो.

दुसऱ्यांना हे कधीच कळलं होतं. 1971 ला दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’साठी शिवसेना दादरच्या कोहिनूर टॉकीजवर उतरली. पिक्चर लागला, चालला, आणि मराठी पोरांना वाटलं, आपलं कुणीतरी आहे. मला त्यांचं राजकारण मान्य नाही, पण टॉकीजचं दार ही राजकारणाची जागा आहे हे त्यांनी ओळखलं. त्याच्या पुढच्याच वर्षी पँथर झाली. पँथरची बहुतेक पोरं कवी होती, लेखक होती. त्यांनी शब्द आणला, रस्ता आणला. पण टॉकीज आपल्या हाती कधी लागली नाही.

आणि 2025 ला बघा. ‘फुले’ 11 एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला लागायचा होता. ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली, सेन्सॉरनं जातीवाचक शब्द काढा, पेशवाई काढा म्हणून बदल सांगितले, आणि पिक्चर पुढं ढकलून 25 एप्रिलला आणला. निषेध झाले, मान्य आहे. मोबाईल तर नुसते पेटले होते. मग पिक्चर लागला. मी गेलो त्या खेळाला मोजून सतरा माणसं होती. त्यात दोन झोपायला आलेली. उन्हाळा होता, पंखा चालू होता, त्यांचा दोष नाही. पिक्चर कसा आहे यावर भांडा. मलाही त्यातलं बरंच पटलं नाही. पण न बघता कसं भांडणार? आणि सतरा माणसांवर टॉकीजवाला दुसऱ्या आठवड्याला तो ठेवील काय? तो धंदा करतो. सोमवारी त्यानं काढला असेल तर त्याच्यावर मनुवादाचा शिक्का मारण्याआधी आपली तिकिटं मोजा.

तुम्ही म्हणाल, मल्टिप्लेक्समध्ये लागतो की. लागतो ना. पॉपकॉर्नच्या पैशात घरचा आठवड्याचा भाजीपाला येतो. आमची आई त्या काचेच्या दारातून आत जायला बिचकते, वॉचमन पिशवी तपासतो तेव्हा उगाच पदर सावरते. मराठी पिक्चरला चांगली वेळ द्या म्हणून 2015 ला सरकारला पुढं यावं लागलं, यावरून ओळखा ती जागा कुणासाठी बांधली आहे. लहान टॉकीजमध्ये आईला कुणी बिचकवत नाही. लालबागच्या भारतमातानं गिरणी कामगाराला वर्षानुवर्षं मराठी पिक्चर त्याच्या खिशाला झेपेल अशा दरात दाखवला. तीही उभी राहिली गिरणीच्या जागेवर. 1982 च्या संपानंतर गिरण्यांच्या जागांचं काय झालं ते तुम्हाला मी नव्यानं सांगायला नको.

हल्ली एक वेगळी जमात निघाली आहे. जुन्या टॉकीजचे फोटो काढणारी. पिला हाऊसला जायचं, अल्फ्रेडच्या जुन्या पोस्टरांचे, मोडक्या खुर्च्यांचे, हमालाच्या घामट चेहऱ्याचे फोटो काढायचे, आणि काय ते दिवस होते म्हणून उसासे टाकायचे. त्यांना ती जागा मेलेली आवडते. जिवंत होती तेव्हा नाक मुरडून बाजूनं जायचे. हमाल तिथं काही वीस-तीस रुपयात संस्कृती बघायला जात नव्हता. त्याला तीन तास बसायला कुणी ऊठ न म्हणणारी खुर्ची हवी होती. मुंबईत ती दुसरीकडं कुठं मिळते? हा प्रश्न त्या फोटोत येत नाही. आपण तसले रडके प्रेमी व्हायचं नाही. टॉकीजचा मालक काही आपला सोयरा नाही. जागा विकून मोकळं व्हायला तो टपलेलाच आहे. पण तो विकेपर्यंत ती जागा आपण वापरायची की नाही?

वापरायची म्हंजे कशी, ते सांगतो, नाहीतर म्हणाल नुसतं शिव्या देतो. लहान टॉकीजवाला सकाळचा खेळ बहुधा रिकामाच चालवतो. शंभर-दीडशे माणसं एकदम आणतो म्हटलं की तो बोलायला बसतो, हा आमचा अनुभव आहे. वस्तीतल्या बाया आणा. पोरं काय, कशीही येतील. धुणीभांडी उरकून जमेल अशी वेळ धरा. पिक्चर संपला की लगेच भाषण ठोकू नका, बाहेर चहाच्या गाडीवर उभे राहा आणि ऐका. ‘जय भीम कॉम्रेड’ वस्त्यांमध्ये पडदा लावून दाखवला तेव्हा लोक तीन तासांवर बसले. रमाबाई नगरची 11 जुलै 1997, मेलेली दहा माणसं, आणि चारच दिवसांत गेलेला विलास घोगरे. हे बघून कुणी उठून घरी गेलं नाही. लोकांना लांबी जड होत नाही, खोटं जड होतं.

नाटकाचं जास्त किचकट आहे. महाराष्ट्रात अजूनही संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडं द्यावी लागते आणि हॉलवाला पहिला प्रश्न प्रमाणपत्राचाच विचारतो. ते काम धरून ठेवणारा एक माणूस प्रत्येक गटात हवा, कवी नसला तरी चालेल. झाडीपट्टीत बघा, वडशाकडं दिवाळी झाली की गावोगाव मंडप पडतात, शेतमजूर तिकीट काढून रात्रभर नाटक बघतो. तिकीट काढून! तिथं कुणी फुकट पास मागत नाही म्हणून तिथला नट जगतो. आपल्या कार्यकर्त्याला मात्र बिल्ला लावला की तिकीट काढायचा अपमान वाटतो.

दामोदर पुन्हा बांधतील तेव्हा आत किती खुर्च्या ठेवतात, भाडं किती लावतात, कामगार नाटकाला तारीख देतात की नाही, हे विचारायला अर्ज लागेल. त्यात 9 मार्च 1924 हे स्पष्ट लिहा आणि कचेरी होती तिथं तशी पाटी मागा. अर्जाची प्रत पोच घेऊनच या. सह्या घ्यायला वस्तीत जाल तेव्हा शुक्रवारच्या पिक्चरची तिकिटंही बरोबर ठेवा, खालच्या वर्गाची.