बाबा, ही इन्व्हेस्टमेंट आहे!

गेल्या उन्हाळ्यात इंटर्नशिपचे ४५,००० रुपये हातात आले आणि मी घरी जाहीर केलं, "बाबा, मी इन्व्हेस्टमेंट करणार आहे." बाबा बँकेत आहेत, त्यामुळे एकदम खूश! मग मी आयर्न मॅनचा फोटो दाखवला. ते दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "अगं, ही तर बाहुली आहे."

बाहुली नाही हो, कलेक्टिबल फिगर! (वर्गात हा शब्द काढला की मागच्या बाकावरून शिट्ट्या येतात, म्हणून आधीच सांगते, निर्जीव वस्तूबद्दल चाललंय.) हाँगकाँगची हॉट टॉइज कंपनी अशा फिगर बनवते. माणसाच्या एक-षष्ठांश, म्हणजे साधारण फूटभर उंच. डोळे इतके जिवंत की रात्री लाइट लावताना दचकायला होतं. आयर्न मॅन तर डाय-कास्ट धातूचाही मिळतो, छातीत दिवा लागतो! किंमत साधारण तीनशे-चारशे डॉलर्स.

माझा मुद्दा सोपा होता. जुन्या खेळण्यांना लाखो रुपये मिळतात. केनर कंपनीने १९७९ च्या सुमारास स्टार वॉर्समधला, पाठीवरून रॉकेट उडवणारा बोबा फेट बनवला होता. त्याचा एक नमुना २०२४ मध्ये लिलावात ५,२५,००० डॉलर्सना गेला. मग माझा आयर्न मॅन का नाही?

बाबांनी वाद घातलाच नाही. फक्त विचारलं, "विकणार कोणाला?" उत्तर देता येईना म्हणून मी शोधायला बसले, आणि स्वतःचीच केस हरले.

तो बोबा फेट महाग झाला कारण तो कधी दुकानात आलाच नाही. रॉकेट मुलांच्या घशात अडकेल या भीतीने कंपनीने तो रद्द केला, मागे उरले फक्त थोडे नमुने. त्या काळची बाकीची खेळणी मुलांनी मातीत लोळवली, मोडली, आयांनी कचऱ्यात टाकली, म्हणून जी धड उरली ती महाग. आज उलटं आहे. घेणारा प्रत्येक जण बॉक्ससुद्धा जपून माळ्यावर ठेवतोय! सगळ्यांनीच जपलं तर दुर्मिळ काय राहणार? अमेरिकेत बीनी बेबीज नावाच्या कापडी प्राण्यांचं नव्वदच्या दशकात हेच झालं. १९९९ मध्ये लास व्हेगसच्या कोर्टात एका घटस्फोट घेणाऱ्या जोडप्याने जमिनीवर बसून आपले बीनी बेबीज वाटून घेतले, एक तुझा, एक माझा. त्यांना वाटलं होतं इस्टेट वाटतोय. पुढे भाव बसला.

शिवाय साचा कंपनीच्या हातात असतो. 'द डार्क नाइट'मधला जोकर हॉट टॉइजने काढला, नंतर आणखी चांगल्या चेहऱ्याचा 'जोकर २.०' काढला. आता पहिलावाला जपून ठेवणाऱ्याने काय करायचं?

आपल्याकडे त्यात कस्टम ड्यूटी. खेळण्यांवरची ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. म्हणजे बॉक्स घरी आला त्याच दिवशी आपण खड्ड्यात, कारण बाहेरचा गिऱ्हाईक आपण भरलेली ड्यूटी कशाला देईल? आणि इथे गिऱ्हाईक आहेच किती!

बाबांच्या कॅल्क्युलेटरवर हिशोब केला. ४५,००० रुपये सात टक्क्यांनी दहा वर्षं ठेवले तर साधारण ८८,५०० होतात (व्याजावरचा कर सोडा). विक्रीच्या साइटचं कमिशन तेरा टक्के धरलं तर आयर्न मॅन एक लाखाच्या वर विकला पाहिजे, तेव्हा कुठे एफडीशी बरोबरी. काही फिगरना तेवढे मिळतातही, नाही असं नाही. पण कोणत्या, हे दहा वर्षं आधी कोण सांगणार?

आता माझ्या ब्रँचचा विषय, पॉलिमर. ठाण्याच्या दादाने एका वेगळ्याच कंपनीची फिगर आठ वर्षं सीलबंद ठेवली होती. गेल्या पावसाळ्यात बॉक्स उघडला तर लेदरच्या कोटाचे पापुद्रे निघत होते, आणि प्लास्टिक हाताला चिकट. बिचारा! ते लेदर म्हणजे पॉलियुरेथेन. हवेतलं पाणी त्यातले एस्टर बाँड तोडत जातं. हायड्रोलिसिस, सेकंड इयरला परीक्षेत लिहिलं होतं मी. पीव्हीसीतला प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर येतो, म्हणून चिकटपणा. नुसतं कपाटात ठेवून हे थांबत नाही, आणि आपल्याकडचे चार महिने तर विचारूच नका. एफडीच्या पावतीला निदान पापुद्रे येत नाहीत.

खरं सांगू? मला इन्व्हेस्टमेंट करायचीच नव्हती. मला आयर्न मॅन हवा होता. आठवीपासून. पण बँकेतल्या माणसाकडे "हवाय" म्हणून ४५,००० मागायची लाज वाटली, म्हणून मोठा शब्द वापरला. माझ्या ओळखीचे जे जे फिगरला इन्व्हेस्टमेंट म्हणतात, त्यांतल्या एकानेही अजून एक फिगर विकलेली नाही!

३०,००० एफडीत गेले. उरलेल्यांपैकी काहींवर माझा डोळा आहे. एका सिनियरकडे जुना आयर्न मॅन आहे. बॉक्स नाही, डाव्या हाताचा एक पंजा हरवलाय, पण छातीतला दिवा लागतो. तो बारा हजार म्हणतोय, मी दहावर अडून बसलेय.