घरगुती गोष्टी : किल्टाच्या चुण्या

गेल्या वर्षीं आम्ही कांहीं दिवस एडिंबरो येथें आमच्या पुतण्याकडे राहिलों होतों. त्याची पत्नी स्कॉटलंडचीच. तिच्या वडिलांच्या पश्चात् त्यांचा किल्ट विहीणबाईंनीं मोठ्या मायेनें जांवयाच्या हातीं दिला होता. मेहुणीचें लग्न चार दिवसांवर आलें, तेव्हां चिरंजीवांनीं तो पेटींतून काढिला आणि पाटलोणीवर फिरवावी तशी तापलेली इस्त्री त्यावर खसाखस फिरविली. परिणाम व्हावयाचा तोच झाला. कापडावर चकाकी आली, चुण्या वांकड्या बसल्या आणि पाठीमागचे पट्टे एकमेकांस सोडून गेले. "काका, आतां सासूबाईंना कोणत्या तोंडानें दाखवूं?" असें तो म्हणाला, तेव्हां आम्हांसही उत्तर सुचेना.

विहीणबाई रागें भरल्या नाहींत. त्यांनीं सुई-दोरा मागविला व जांवयास शेजारीं बसवून घेतलें. त्या दोन संध्याकाळीं आम्हीं जें पाहिलें, तें वाचकांस सांगण्याजोगें वाटतें. कारण आज आपल्या पुष्कळ घरांतील मुलेंमुली परदेशीं आहेत, आणि चुण्यांचें लोकरी वस्त्र कोणाच्याही घरीं येऊं शकतें.

किल्टास सामान्यतः ८ वार लोकरी कापड लागतें. पुढें एकावर एक येणारे दोन सपाट पदर, आणि बाकीचें बहुतेक सर्व कापड पाठीमागच्या चुण्यांत. चुण्या कमरेपासून नितंबापर्यंत शिवलेल्या व खालीं मोकळ्या असतात. चौकटींची नक्षी पाठीमागेंही अखंड दिसावी अशा बेतानें पुष्कळदां त्या घातलेल्या असतात. म्हणून एक चुणी बोटभर सरकली कीं सारी नक्षी बिघडते.

हा प्रकार आपणांस अगदींच परका नाहीं. सतराव्या शतकांत त्या डोंगराळ मुलुखांतील पुरुष न शिवलेलें लांबच लांब लोकरी वस्त्र कमरेपाशीं चुणून पट्ट्यानें बांधीत आणि उरलेलें खांद्यावर घेत. आपल्याकडे लुगड्याच्या वा धोतराच्या निऱ्या रोज नव्यानें घालतात, तसेंच तें. पुढें कमरेखालचा भाग तेवढा निराळा झाला. १७४६ च्या कायद्यानें सैन्याबाहेरील पुरुषांस तेथें हा पोशाख वर्ज्य ठरला; ती बंदी १७८२ सालीं उठली, आणि त्या शतकाच्या अखेरीस चुण्या शिवून पक्क्या केलेले किल्ट होऊं लागले. रोज घातलेली निरी रोज सुटते, म्हणून तिची चिंता एका दिवसापुरती. शिवलेली चुणी मात्र वर्षानुवर्षें जपावी लागते.

विहीणबाईंची पहिली शिकवण अशी कीं, इस्त्रीच्या आधीं सुई. किल्ट मेजावर पसरून प्रत्येक चुणी शिवणीपासून खालच्या कांठापर्यंत सरळ लावावी; पट्टे उभ्या रेषेंत व कांठ एका पातळींत आले पाहिजेत. मग पांढऱ्या सुती दोऱ्यानें पहिल्या चुणीपासून शेवटच्या चुणीपर्यंत सैल धांवदोरा घालावा, आणि अर्ध्या वितीच्या अंतरानें अशा ओळी कांठाजवळपर्यंत घ्याव्या. रंगीत दोरा नको, ओलाव्यानें त्याचा रंग उतरण्याची भीति असते. पहिली संध्याकाळ एवढ्यांतच गेली.

दुसऱ्या संध्याकाळीं इस्त्री. सुती फडकें ओलें करून घट्ट पिळावें व चुण्यांवर पसरावें. इस्त्री त्यावर ठेवावी, क्षणभर दाबावी आणि उचलावी. ओढूं मुळींच नये. ओढल्यानें चुणी सरकते आणि उघड्या लोकरीवर इस्त्री लागली कीं चकाकी येते. ओल व उष्णता यांच्या योगें लोकरीच्या तंतूंतील सूक्ष्म बंध सैल होतात, आणि तंतु निवून कोरडा झाला कीं ते नव्या आकारांत पुन्हां जुळतात. तेव्हां घडी बसते ती निवतांना. म्हणून किल्ट रात्रभर तसाच पडूं द्यावा व धांवदोरा सकाळीं उसवावा. गरम असतांना दोरा काढणें म्हणजे केलेलें काम फुकट घालविणें होय.

"पण ह्यांनीं हा किल्ट ४० वर्षें वापरला, आणि इस्त्री क्वचितच लागली," असें विहीणबाई म्हणाल्या. त्यांचे नियम साधे होते. अंगावरून उतरलेला किल्ट लगेच कपाटांत कोंडूं नये. कमरपट्टीस चिमटे लावून रात्रभर हवेशीर टांगावा, म्हणजे बारीक सुरकुत्या आपोआप जातात. प्रवासांत घडी न घालतां चुण्या नीट लावून उभी गुंडाळी करावी आणि ती पाऊल कापलेल्या लांब मोज्यांत सरकवावी. पुष्कळ दिवस ठेवावयाचा तर स्वच्छ करूनच ठेवावा, कारण घामट लोकरीस कसर लवकर लागते. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, खालीं बसतांना हात मागें नेऊन चुण्या सारख्या कराव्या, मगच टेकावें.

चकाकी पुरती गेली नाहीं. वाफेनें व ब्रशानें थोडी उणी झाली एवढेंच. चुण्या मात्र ओळींत बसल्या. लग्नाच्या दिवशीं मंडळी स्थानापन्न होऊं लागली, तेव्हां आमच्या पुतण्यानें न सांगतां दोन्ही हात मागें नेले, चुण्या सारख्या केल्या आणि तो बसला. विहीणबाई पलीकडेच होत्या. त्यांनीं एकवार त्याच्याकडे पाहिलें आणि डोळ्यांस पदर लावावा तसा हातरुमाल लावला. सासऱ्यांची ती लकब असणार, हें आम्हांस तेव्हां उमगलें.